आधी वस्तू, मग प्रश्न: तंत्रज्ञान, कला, डिझाइन आणि समाज यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत उपयोजित कला शिकवते. वर्गात, प्रदर्शनाच्या दारात, वस्तीतल्या बैठकीत, कधी लोकलच्या डब्यात ओळख निघाल्यावर लोक मला साधारण हेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं. उदाहरणं मुद्दाम मुंबईची घेतली आहेत. यातली बरीच ठिकाणं तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहेत, आणि वाचलेलं स्वतः जाऊन तपासता यावं असं मला वाटतं.

समाजाचा विचार विचारवंत करतात. त्यात यंत्राचा आणि चित्राचा काय संबंध?

विचारवंत करतात, आणि ते लागतातच. पण पुष्कळदा क्रम उलटा असतो. आधी एखादी वस्तू येते. ती वापरताना माणसांच्या उठण्याबसण्यात थोडा फरक पडतो, आणि त्या फरकामुळे "हे असंच का?" हा प्रश्न पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडून निघतो. ग्रंथ त्यानंतर लिहिले जातात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. जातिभेद मोडावा म्हणून काही कोणी रूळ टाकले नव्हते. पण तिकीट पैशांप्रमाणे मिळत होतं, जातीप्रमाणे नाही. त्यामुळे बाकावर शेजारी कोण बसणार हे ठरवण्याची सत्ता गावाच्या हातून गेली. सोवळं पाळणाऱ्या माणसाला गाडीत काय करायचं याचं उत्तर शोधावं लागलं. लोखंडाच्या रुळांनी विचारलेला तो प्रश्न होता.

आता अगदी लहान उदाहरण. ऑगस्ट २०२० मध्ये महापालिकेने दादर-माहीम भागातल्या पादचारी सिग्नलवर बाईची आकृती लावली. फ्रॉकसारख्या पोशाखातली, लाल आणि हिरवी. त्याआधी आयुष्यभर आपण त्या दिव्यातल्या माणसाकडे बघून रस्ता ओलांडला, पण तो पुरुष आहे याची जाणीव किती जणांना होती? दिवा बदलल्यावरच ती झाली. मग वादही झाले: बाई म्हणजे फ्रॉकच का, यापेक्षा फुटपाथ आधी दुरुस्त का करत नाही, आकृती बदलून बायकांना काय मिळालं. हे सगळे चांगले प्रश्न आहेत, आणि ते त्या दिव्यामुळे विचारले गेले.

हे सगळं मोबाइल आणि इंटरनेट आल्यानंतरचं आहे ना?

नाही. मला तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची मुंबई या बाबतीत आजच्यापेक्षा धीट वाटते.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही तिकडचे. तेलरंगातली लक्ष्मी आणि सरस्वती शिळाछापाच्या दगडावरून कागदावर उतरू लागल्या आणि बाजारात विकायला आल्या. तोवर देवाचं दर्शन देवळात होत होतं, आणि देवळाचा उंबरठा सगळ्यांसाठी खुला नव्हता. ज्याला गाभाऱ्यात जायला बंदी होती त्याच्या खोलीतल्या भिंतीवर आता तीच देवी चौकटीत लावता येत होती. चित्रकलेचे जाणकार या छापील चित्रांना हलकी समजत आले आहेत. मला ते पटत नाही. दर्शन कोणाच्या परवानगीने घ्यायचं, हा प्रश्न या स्वस्त कागदाने घराघरात नेला.

त्याच छापखान्यात काही काळ काम केलेले आणि जे. जे. कलाशाळेत शिकलेले दादासाहेब फाळके. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. पडद्यावर काम करायला बाई मिळेना म्हणून तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली. त्याच वर्षीच्या पुढच्या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. कॅमेरा अगदी जवळून बघतो, त्याच्यासमोर पुरुषाने बाई होणं फार काळ चालणार नव्हतं. बाईने चार लोकांसमोर काम करून पैसे मिळवावेत की नाही, या वादात एक यंत्र असं मध्ये येऊन उभं राहिलं.

डिझाइन म्हणजे शेवटी सजावटच ना? श्रीमंतांच्या घरातली?

हा प्रश्न आला की मी भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांची गोष्ट सांगते. माझ्या मते मुंबईतलं डिझाइनचं सगळ्यात मोठं काम त्यांनी केलं आहे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फुटपाथवर राहणारी कुटुंबं सरकारच्या कोणत्याही यादीत नव्हती. झोपडपट्टीची गणना व्हायची, त्यात ती धरली जात नसत. १९८४ मध्ये 'स्पार्क' ही संस्था भायखळ्यात सुरू झाली. १९८५ मध्ये तिने या लोकांबरोबर गणना केली आणि सुमारे ६,००० कुटुंबांची नोंद झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने मान्य केलं, पण रीतसर सूचना देऊन फुटपाथवरून हटवायलाही मुभा दिली. म्हणजे घर मिळवायचं तर मागणी स्वतःच मांडावी लागणार होती.

या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली, आणि जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासीयांच्या राष्ट्रीय संघटनेची तिला साथ मिळाली. त्यांनी मागणीचा कागद लिहिण्याआधी घर करून पाहिलं. अंगावरच्या लुगड्याची लांबी त्यांना पाठ होती, तेव्हा साड्या ताणून भिंती आखल्या. इथे चूल, इथे झोपायचं, इथे म्हातारी माणसं. मग बांबू, पुठ्ठा आणि कापड वापरून खऱ्या आकाराची घरं उभी केली, लोकांना आत बोलावलं, सरकारी अधिकाऱ्यांनाही बोलावलं. चौदा फूट उंचीची खोली आणि आत पोटमाळा ही रचना त्यातून आली, कारण जमीन वाढवता येत नसली तरी उंची वाढवता येते हे फुटपाथवर दुमजली खोपटं बांधणाऱ्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

घरात संडास नको, चार घरांत मिळून बाहेर असावा, असंही अनेकींचं म्हणणं होतं. वास्तुरचनाकारांना हे उलटं वाटतं. बायकांचा हिशेब वेगळा होता: पाणी किती येणार, सफाई कोण करणार, आणि एवढ्याशा खोलीतली जागा कशाला द्यायची.

यात समाजाविषयीचा नवा विचार कुठे आला? एक म्हणजे, न शिकलेली बाई घराचा नकाशा करू शकते. दुसरं, ज्याला अतिक्रमण करणारा म्हणतात तो स्वतःची माहिती स्वतः गोळा करून सरकारसमोर ठेवू शकतो. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कागदावरच्या योजनेवर मत द्यायला शिक्षण लागतं, उभ्या केलेल्या खोलीत मात्र कोणीही शिरून "इथे माझा पाय अडतो" म्हणू शकतं. हे म्हणता येणं म्हणजेच सहभाग. पुढे मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं. ही पद्धत दुसऱ्या शहरांत आणि दुसऱ्या देशांतल्या वस्त्यांतही गेली. जोकिन यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सगळ्यांसाठी एकच यंत्र केलं की समता आपोआप येते का?

येत नाही. कोणाला डोळ्यांसमोर ठेवून ते केलं यावर सगळं ठरतं.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह अशी सोय केली गेली. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही राज्य कोणी करावं हे ठरवता येतं, हा केवढा मोठा विचार आणि तो एका साध्या चित्रावर उभा! पुढे मतदान यंत्र आलं. त्याच्या बाह्य रचनेचं काम पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात झालं. २००४ च्या लोकसभेला ते देशभर वापरलं गेलं. कागदावरचीच चिन्हं, शेजारी निळं बटण, दाबल्यावर दिवा आणि आवाज. यंत्रावर ब्रेल आकडेही आहेत. त्यामुळे दृष्टिहीन मतदाराला दुसऱ्या कोणाला आपलं मत न सांगता मतदान करता येतं. गुप्त मतदानाचा हक्क कायद्याने सगळ्यांनाच होता, त्याच्या हाती तो या उठावदार ठिपक्यांनी दिला.

डबेवाल्यांच्या खुणाही याच जातीच्या. मोजके रंग, आकडे आणि अक्षरं एवढ्यावर डबा कुठल्या स्टेशनवर उतरायचा, कुठल्या इमारतीत जायचा आणि कुठल्या मजल्यावर, हे कळतं. एका डब्याला वाटेत अनेक हात लागतात आणि प्रत्येकाला तेवढंच वाचावं लागतं जेवढं त्याच्या टप्प्याला हवं.

आता याच्याशेजारी आजची एखादी सेवा ठेवून बघा. फक्त इंग्रजीत असलेलं ॲप, मिनिटभरात संपणारा ओटीपी, रेशनच्या दुकानात न जुळणारा अंगठा. भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बाईला यंत्र "तू ती नाहीस" म्हणतं तेव्हा ते करणाऱ्याने तिचा हात कधी पाहिलेला नसतो.

मराठीचा या सगळ्याशी काय संबंध?

फार जवळचा. मराठीत नवे विचार आले त्या प्रत्येक वेळी छपाईचं काहीतरी साधन बदललेलं दिसतं. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईतून निघालं, बाबासाहेबांचं 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी. ते इतिहासाच्या पुस्तकात असतं, म्हणून मी कमी सांगितलेल्या दोन गोष्टींकडे वळते.

पहिली सायक्लोस्टाइल यंत्राची. कचेऱ्यांत परिपत्रकांच्या प्रती काढायला हे यंत्र असायचं. मेणकागदावर टाइप करायचं किंवा टोकदार लेखणीने कोरायचं, शाई लावायची, हँडल फिरवायचं. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी अशा साधनावर 'शब्द' हे नियतकालिक काढलं आणि लघुनियतकालिकांची चळवळ सुरू झाली. प्रस्थापित मासिकाच्या संपादकाकडून लेख साभार परत आला तरी आता अडत नव्हतं. शाई पसरलेली, कडा वाकड्या, मुखपृष्ठ हाताने केलेलं. ते ओबडधोबड दिसणंच सांगत होतं की लिहायला कोणाची मान्यता लागत नाही. कोलटकर स्वतः जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते, अक्षर कसं दिसतं याने अर्थ बदलतो हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. पुढे राजा ढाले यांनीही आपली लघुनियतकालिकं काढली, आणि १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्यासह मुंबईत दलित पँथर उभी राहिली. चळवळ यंत्राने केली असं मी म्हणत नाही. पण संपादकाला वगळून थेट वाचकाकडे जायची सवय आधी त्या शाईत लागली होती.

दुसरी गोष्ट र. कृ. जोशी यांची. कवी, सुलेखनकार, जाहिरातीतले कलादिग्दर्शक, नंतर पवईला शिकवणारे गुरू. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी लिहिता येत होतं, पण प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळ्या सांकेतिक पद्धतीवर चालायचा. दादरला टाइप केलेलं पत्र ठाण्याच्या संगणकावर उघडलं की भलतीच अक्षरं. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक ठरलेली ओळख दिली. विंडोजबरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट जोशी यांनी केला. बोरूच्या वळणाचा अभ्यास केलेल्या माणसाच्या हातून जोडाक्षरांचे नियम यंत्रात उतरले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, त्यानंतरच्या काही वर्षांत मराठी ब्लॉग फुलले. डोंबिवलीतल्या निवृत्त शिक्षिकेचं लिखाण आणि न्यू जर्सीतल्या मुलाचं लिखाण एकाच पडद्यावर दिसू लागलं. मराठीत सार्वजनिक बोलायचा अधिकार कोणाला, याचं उत्तर त्या काळात बदललं. आज मुंबईच्याच 'एक टाइप'च्या मंडळींनी केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतात. तुमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावरही ते असतील.

कलाकृतीने प्रश्न सुटतो का? नाहीतर उपयोग काय?

एखाद्या छायाचित्राने गटार साफ होत नाही. सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रं काढली. मॅनहोलमध्ये छातीपर्यंत उतरलेली माणसं, कचऱ्याच्या ढिगात उभी माणसं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ चा कायदा होता, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला, तरी माणसं आजही गटारात मरतात. तरीही ती छायाचित्रं पाहिल्यावर "आपला कचरा कुठे जातो" हे वाक्य अपुरं पडतं. "कोणाच्या अंगावरून जातो" असं विचारावं लागतं, आणि मग तो नेहमी त्याच जातींच्या अंगावरून का जातो, हेही. प्रश्न इतका बदलला तरी माझ्या लेखी कलेने मोठं काम केलं.

दुसरं उदाहरण नलिनी मालानी यांचं. १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत एक कार्यशाळा थाटली. चित्रकार, चित्रपटकार, छायाचित्रकार, एक मनोविश्लेषक असे वेगवेगळे लोक तिथे कॅमेरे आणि संकलनाची साधनं वापरत. जे. जे. मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मालानींनी तिथे पुठ्ठ्याच्या घरांची रंगीत चलत्‌चित्रफीत केली. नव्या भारताच्या नव्या वसाहतींचं स्वप्न त्यात होतं. काही वर्षांनी त्यांनी तिच्याशेजारी दुसरी फीत ठेवली: एक तरुणी उंचावरून मुंबईच्या झोपड्यांकडे पाहते आहे. दोन्ही पडदे एकाच वेळी चालतात. कोणतंही भाष्य नाही. स्वप्न आणि त्याचं काय झालं, हे एकत्र पाहावं लागतं, आणि निष्कर्ष बघणाऱ्याला स्वतः काढावा लागतो.

भिंतींवर मोठी चित्रं काढून काय साधतं?

भिंत कोणाची आणि चित्र कोणाचं, यावर अवलंबून आहे. २०१७ च्या अखेरीस ससून डॉकवर मोठं कलाप्रदर्शन भरलं. १८७५ चा हा धक्का, पहाटेचा मासळीचा लिलाव, कोळंबी सोलणाऱ्या बायका. एरवी तिकडे न फिरकणारे मुंबईकर आले, आणि तिथल्या माणसांचे मोठाले चेहरे भिंतींवर पाहून गेले. ते मला चांगलं वाटलं. पण चित्र बघायला आलेल्याने मासळीच्या वासावर नाक मुरडलं तर काय बदललं? वस्तीला रंग लावून छप्पर गळतंच ठेवायचं, याला मी कला म्हणणार नाही. ज्या भिंतीमागे माणसं राहतात त्यांना आधी विचारा, रंग निवडायला बोलवा, आणि नको म्हणाले तर परत या.

गणेशोत्सवाचे देखावे यात धरायचे का?

नक्की धरायचे. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. तेव्हापासून चाळीचं पटांगण हे बोलण्याचं ठिकाण झालं. हलत्या देखाव्यांतून हुंडा, पाणी, स्त्रीभ्रूणहत्या, अवयवदान असे किती विषय लाखो लोकांसमोर आले! छोट्या मोटारी, पुठ्ठा, लाकूड, दिवे आणि ध्वनिमुद्रित निवेदन हे तंत्रज्ञान, ते करणारे बहुतेक गल्लीतलेच तरुण. मुंबईतल्या कोणत्याही कलादालनाला असा प्रेक्षक मिळत नाही, आणि तरीही कलाशिक्षणात या कामाचा अभ्यास जवळजवळ होत नाही याचं मला दुःख आहे.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. मंडळांना कागद, कापड, बांबूकडे वळावं लागलं. मूर्ती शाडूची की प्लास्टरची, विसर्जन समुद्रात की कृत्रिम तलावात, हा वाद अजून चालू आहे. मूर्तिकारांच्या पोटाचा प्रश्न त्यात आहे आणि समुद्राचाही. भक्तीला आकार किती लागतो, हे शहर दरवर्षी नव्याने ठरवतं.

बायकांच्या शहराबद्दल काही?

दोन कामं सांगते. २०११ च्या सुमाराला मुंबईतल्या संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, ही गोष्ट रोजची असूनही कोणी मोजली नव्हती. बायकांनी शौचालयं स्वतः जाऊन पाहिली, नोंदी केल्या, महापालिकेपुढे ठेवल्या. भिंत, दार, कडी, पाणी, दिवा या डिझाइनच्या गोष्टी आहेत, आणि बाई घराबाहेर किती वेळ राहू शकते हे त्यांच्यावर ठरतं.

दुसरं 'सेफसिटी', २०१२ च्या डिसेंबरात सुरू झालेलं. छेडछाडीचा त्रास झाला ती जागा आणि वेळ नाव न सांगता ऑनलाइन नकाशावर नोंदवायची. पोलिसांकडे न गेलेल्या गोष्टी एकत्र दिसू लागल्या. मात्र अशा नकाशाचा एक धोका मी विद्यार्थिनींना नेहमी सांगते. लाल ठिपके पाहून घरचे लोक "तिकडे जाऊ नकोस" म्हणतील. नकाशा मुलीला घरात ठेवायला वापरायचा की कोपऱ्यावर दिवा लावून घ्यायला, हा निर्णय यंत्राचा नाही.

जी योजना बांधलीच गेली नाही ती फुकट गेली का?

१९६८ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या फुटपाथसाठी एक कल्पना मांडली. पदपथाच्या कडेने ओटे बांधायचे. दिवसा त्यावर फेरीवाले बसतील, संध्याकाळी नळाच्या पाण्याने ओटे धुतले जातील, रात्री बेघर माणसं त्यावर झोपतील. चालणाऱ्यांची वाट मोकळी. हे झालं नाही. पण फेरीवाला आणि रस्त्यावर झोपणारा हेही शहराचे रहिवासी आहेत, त्यांची सोय मोजमाप घेऊन करता येते, असं म्हणणारं ते रेखाचित्र आजच्या फेरीवाला धोरणाच्या भांडणात समोर ठेवलं तर चर्चा वेगळी होते.

बांधलं गेलं ते बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, १९८० च्या दशकातलं. सात-सात घरांमध्ये एक अंगण आणि प्रत्येक घर स्वतःच्या भूखंडावर, शेजाऱ्याशी भिंत जोडलेली नाही, म्हणजे ऐपतीप्रमाणे वाढवता यावं. लोकांनी पुष्कळ घरं पाडून वर मजले चढवले. काहीजण याला योजनेचं अपयश म्हणतात. मला उलट वाटतं, वाढवायची मुभा दिली होती आणि लोकांनी ती घेतली.

कृत्रिम बुद्धिमत्तेने कलाकाराची गरज संपणार का?

चित्र काढून देणारं यंत्र आधीच्या चित्रांवरून शिकतं. त्यामुळे जे आजवर जास्त वेळा दाखवलं गेलं तेच ते पुन्हा दाखवतं. पगाराचं काम जाईल ही भीती खरी आहे, माझ्या विद्यार्थ्यांना ती आहे आणि मी ती खोटी म्हणणार नाही. कलाकारांची चित्रं न विचारता वापरली गेली, हा अन्यायही खरा.

पण याच तंत्राची एक बाजू मला आशेची वाटते. काळा घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात आणि राज्यभरच्या दफ्तरांत मोडीतले असंख्य कागद आहेत. मोडी वाचणारे थोडे. यंत्राला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयत्न सुरू आहेत. उद्या कोकणातल्या एखाद्या कुळाच्या नातीने पणजोबांच्या जमिनीचा कागद मोबाइलने टिपून स्वतः वाचला, तर वकिलाच्या आणि खोताच्या सांगण्यावर चाललेला इतिहास तिच्या हातात येईल. ते यंत्र कोणासाठी आणि कोणत्या किमतीत चालेल, यासाठी आत्ताच बोलायला हवं.

मला चित्र येत नाही आणि कोडिंगही येत नाही. मी काय करू?

रोज खुपणारी एक जागा निवडा. स्टेशनचा जिना, शाळेचं फाटक, पाण्याची रांग. तिथे उभं राहून कोण येतं, कोण थांबतं, कोण टाळतं ते लिहा. मग पुठ्ठा, खडू, दोरी असं स्वस्त साहित्य घेऊन बदललेली जागा खऱ्या आकारात दाखवा. छान दिसायची गरज नाही. फार छान केलं तर लोक बोलायला बिचकतात, मोडकं केलं तर हात लावतात आणि दुरुस्त करून देतात. बरोबर किमान एक माणूस असा घ्या ज्याला त्या जागेचा सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि शेवटचा शब्द त्याचा ठेवा.

हे बघायला मुंबईत कुठे जाऊ?

भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ पासूनचं. तिथे मातीच्या छोट्या प्रतिकृतींत जुन्या मुंबईचे लोक आणि धंदे दिसतात. आज ते बघताना कोणी कोणाचं वर्गीकरण केलं हेही पाहा. जहांगीर कलादालन, तिकीट नाही. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, मुलांना घेऊन. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला काळा घोडा महोत्सव, गर्दी टाळायची तर आठवड्याच्या मधल्या दिवशी. घरबसल्या 'पॅड डॉट एमए' हा चित्रफितींचा खुला संग्रह पाहा, मुंबईच्या 'कॅम्प' या स्टुडिओचा त्यात मोठा वाटा आहे. न वापरलेलं चित्रीकरणही त्यात टिपांसह जपलं आहे. आणि ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या रांगांतून एकदा चाला. पुस्तिका, दिनदर्शिका, पोस्टर, गाण्यांचे पेनड्राइव्ह. निळा कोट आणि हातात संविधान ही बाबासाहेबांची प्रतिमा लोकांनी कशी घडवली, हे तिथे समजतं.

रस्त्यावर काही मांडायचं तर परवानगी कोणाची?

जागेप्रमाणे बदलते. सोसायटीच्या आवारात कार्यकारिणीचं लेखी पत्र पुरतं. रस्ता, फुटपाथ किंवा मैदान असेल तर महापालिकेच्या तुमच्या विभाग कार्यालयात अर्ज करा आणि स्थानिक पोलीस ठाण्याला कळवा. वाहतूक अडणार असेल तर वाहतूक पोलिसांनाही. स्टेशनवर रेल्वेची स्वतंत्र परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. अर्जासोबत जागेचा फोटो, मोजमापं आणि मांडणीचं साधं चित्र जोडा, त्याने काम लवकर होतं. पावसाळ्यात करू नका. पहिली मांडणी एका सकाळपुरतीच ठेवा, आणि उचलून न्यायला माणसं आधी ठरवून ठेवा.